पैसे भरले म्हणून भिंत आपली होत नाही

मलेशियातल्या सिपादान बेटापाशी डायव्हिंग करायचं तर नुसते पैसे पुरत नाहीत, परवाना लागतो. दिवसाला ठरावीकच परवाने निघतात. ते संपले की संपले, मग तुम्ही पुण्याहून आलेले असा नाहीतर पॅरिसहून. डायव्हिंग करणाऱ्या माझ्या मित्रमंडळींत या परवान्यांवरून जेवढी चिडचिड ऐकलीय, तेवढी अप्रेझलवरूनही ऐकलेली नाही. 'लाखभर रुपये घालवायचे आणि चार दिवसांत सिपादान एकच दिवस?' 'समुद्र काय यांच्या बापाचा आहे?' 'सगळी रिसॉर्टवाल्यांची सेटिंग आहे रे.'

माझं मत नेमकं उलटं आहे. समुद्रातल्या अशा जागांवर माणसांच्या संख्येची मर्यादा हवीच, आणि त्या मर्यादेत कोण बसणार हे पाकिटावरून नाही, तर पाण्यातल्या कौशल्यावरून ठरायला हवं. हाच नियम आपण आपल्या कोकणातही मागायला हवा, आणि गर्दी व्हायच्या आधी मागायला हवा. यावर मित्रांशी भांडून झालंय. आता तुमच्याशी भांडतो.

आधी ही जागा काय आहे ते सांगतो. सिपादान हे विझलेल्या ज्वालामुखीच्या शेंड्यावर प्रवाळ वाढत वाढत तयार झालेलं बेट आहे. सेलेबीस समुद्राच्या तळापासून ते सुमारे ६०० मीटर वर आलेलं आहे. किनाऱ्यावरून पाण्यात चालत निघालात, तर काही पावलांवर तळ संपतो आणि सरळ उभा कडा सुरू होतो. त्या जागेला 'ड्रॉप ऑफ' म्हणतात. कोकणकड्याच्या काठावर पालथं पडून खाली डोकावलेल्यांना पोटातला तो गोळा माहीत असेल. इथे तुम्ही काठावर नसता, कड्याच्या बाहेर अधांतरी तरंगत असता. एका हाताला भिंत आणि दुसऱ्या हाताला नुसता निळा रंग. भिंतीवर जाळीदार पंख्यांसारखी सी फॅन, पिंपाएवढे स्पंज, मऊ प्रवाळ, आणि कपारीत निवांत झोपलेली कासवं. बॅराकुडा पॉइंट नावाच्या जागी शेकडो बॅराकुडा मासे भोवऱ्यासारखे फिरत असतात. हे बघायला माणसं जगभरातून येतात, आणि यावंसं वाटण्यात काही चूक नाही.

आता भिंत इतर डायव्हिंगपेक्षा वेगळी का, ते बघा. नेहमीच्या जागी तळ असतो. १२ मीटरवर वाळू असेल तर तुम्ही कितीही धांदरट असलात तरी १२ मीटरच्या खाली जाऊ शकत नाही. तळ ही फुकटात मिळालेली सुरक्षा असते. भिंतीवर ती नसते. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो, म्हणजे ३० मीटरवर तो पृष्ठभागाच्या चौपट होतो आणि सिलिंडरमधली हवाही चौपट वेगाने संपते. हौशी डायव्हिंगच्या प्रचलित तक्त्यांप्रमाणे वाटेत टप्प्याटप्प्याने न थांबता वर यायचं असेल, तर १८ मीटरवर साधारण ५६ मिनिटं राहता येतं, ३० मीटरवर २० आणि ४० मीटरवर फक्त ९. त्यात ३० मीटरच्या आसपास बऱ्याच जणांना नायट्रोजनची झिंग चढायला लागते, आणि झिंगलेल्या माणसाला आपण झिंगलोय हे कळत नाही, हे वेगळं सांगायला नको.

पाणी इतकं नितळ असतं की खोली डोळ्यांना जाणवत नाही. खाली जाल तसा अंगावरचा वेटसूट दबतो, तरंगण्याची ताकद कमी होते आणि तुम्ही आणखी वेगाने खाली जाता. कोड लिहिणाऱ्यांना ही भानगड ओळखीची वाटेल: थांबायची अट न घातलेला लूप. थांबायची अट समुद्र घालून देत नाही. ती तुमच्या डोक्यात असावी लागते.

आणि ती नसेल तर काय होतं? तोल गेलेला माणूस घाबरतो आणि हाताला येईल ते धरतो. वाळूवर असेल तर गुडघे टेकतो, थोडा गाळ उडतो, संपला विषय. भिंतीवर धरायला जे काही असतं ते सगळं जिवंत असतं. म्हणून माणसाची सुरक्षा आणि भिंतीची सुरक्षा हे दोन वेगळे मुद्दे नाहीतच. ज्याला एका जागी स्थिर तरंगता येत नाही तो स्वतःलाही धोका आहे आणि त्या भिंतीलाही. दगडासारखं घट्ट वाढणारं प्रवाळ वर्षाला साधारण एखादा सेंटिमीटर वाढतं, कधी त्याहूनही कमी. मोठे स्पंज शेकडो वर्षं जगलेले असू शकतात. पायातल्या फिनचा एक फटका बसला की तुमच्या पणजोबांच्या आधीपासून वाढत असलेली गोष्ट तुटून खाली जाते. ती कुठे पडली हेही दिसत नाही, कारण खाली तळच नाही.

सिपादानला आमच्याच बोटीत एक जण होता, आपल्याकडचाच. वीसेक मीटरवर त्याने एका हाताने सी फॅन धरली, दुसऱ्या हातात सेल्फी स्टिक. गाइडने सिलिंडरवर टकटक करून खूण केली, तरी याचं चित्रीकरण चालूच. वर आल्यावर गाइड काही बोलायच्या आतच हा म्हणाला, 'अरे भाऊ, इतके पैसे भरलेत, एक व्हिडिओ तर काढू दे.' तो वाईट माणूस नव्हता. बोटीत सगळ्यांना त्याने घरून आणलेला चिवडा वाटला. पण 'पैसे भरलेत' या दोन शब्दांत आपली सगळी वृत्ती आली. हॉटेलची खोली आपण भाड्याने घेतो, तसं आपल्याला वाटतं की तासाभरापुरती भिंतही घेतली.

'पण त्याच्याकडे सर्टिफिकेट होतं ना?' होतं. 'ॲडव्हान्स्ड' असं लिहिलेलं कार्ड होतं. त्या कार्डाचं गणित करून बघा. सर्वाधिक प्रचलित पद्धतीत 'ओपन वॉटर' कोर्ससाठी समुद्रात चार डाइव्ह लागतात आणि त्यापुढच्या 'ॲडव्हान्स्ड' कोर्ससाठी पाच. म्हणजे आयुष्यात नऊ वेळा पाण्याखाली गेलेला माणूस कागदावर ॲडव्हान्स्ड होतो आणि ३० मीटरपर्यंत जायला पात्र ठरतो. नऊ दिवस क्लच दाबलेल्या माणसाच्या हातात तुम्ही वरंधा घाटात गाडी द्याल का?

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आणि सगळ्यात वजनदार आक्षेप असा की, मर्यादा घातली की परवाना श्रीमंतांनाच मिळतो. हे खरं आहे. सिपादानचे परवाने रिसॉर्ट आणि डायव्हिंग कंपन्यांमार्फत मिळतात, आणि बहुतेक ठिकाणी चार-पाच दिवसांचं पॅकेज घेतलं तरच एक दिवस पदरात पडतो. पण याचा अर्थ वाटप चुकीचं आहे, मर्यादा चुकीची नाही. तत्काळ तिकिटं एजंट लाटतात म्हणून आपण चिडतो, तेव्हा 'डब्यात कितीही माणसं भरा' अशी मागणी करत नाही. एजंटांना पकडा म्हणतो. इथेही तेच करायला हवं. परवाना पॅकेजपासून तोडा. आधी पाण्यात परीक्षा घ्या, आणि उत्तीर्ण झालेल्यांमधून सोडत काढा. करोडपतीला सोडतीत नंबर लागला नाही तर तोही किनाऱ्यावर बसून नारळपाणी पिईल.

दुसरा आक्षेप स्थानिकांच्या पोटाचा. माणसं कमी आली तर बोटवाल्यांनी काय खायचं? सिपादानवर पूर्वी रिसॉर्ट होते. २००४ संपता संपता ते बेटावरून हलवले गेले आणि पुढे दिवसाला १२० जणांची मर्यादा आली. धंदा बुडाला का? तो माबुल, कापालाय आणि सेंपोर्नाला सरकला आणि आजही जोरात चालू आहे. इतका जोरात, की त्यानंतर परवान्यांचा आकडा वाढवण्यात आला. माझ्या मते ते मागे टाकलेलं पाऊल आहे. त्यातल्या त्यात बरं असं की अलीकडे वर्षातून एक महिना बेट पूर्ण बंद ठेवतात. आणि भिंत खरंच उजाड झाली तर नुकसान कोणाचं? तुमचं-माझं नाही. आपण पुढच्या वर्षी दुसऱ्या देशातली दुसरी भिंत शोधू. मागे राहील तो बोटवालाच.

तिसरा आक्षेप ऐकायला फार हुशार वाटतो: 'समुद्र तापून प्रवाळ मरणारच आहे, माझ्या एका फिनने काय फरक पडतो?' समुद्र तापतोय हे खरंच आहे. जगभरातलं प्रवाळ पांढरं पडण्याची चौथी मोठी लाट चालू असल्याचं एप्रिल २०२४मध्ये जाहीर झालं. पण तापाने फणफणलेल्या माणसाला कोणी लाथ घातली, आणि वर 'तो आजारीच होता' असं म्हटलं, तर आपण त्याला हुशार म्हणू का? समुद्राचं तापमान तुम्ही-मी या आठवड्यात उतरवू शकत नाही. लाथ मात्र थांबवू शकतो.

राहिला शेवटचा आक्षेप, 'समुद्र काय यांच्या बापाचा आहे?' गंमत म्हणजे सिपादान कोणाचं, हा प्रश्न खरोखरच आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला होता. मलेशिया आणि इंडोनेशिया दोघेही सिपादान आणि शेजारच्या लिगितानवर हक्क सांगत होते. १७ डिसेंबर २००२ रोजी निकाल मलेशियाच्या बाजूने लागला. जुन्या करारांवरून आणि नकाशांवरून कोणाचीच मालकी ठरेना. मग न्यायालयाने पाहिलं की या बेटांवर प्रत्यक्ष कारभार कोणी केला. त्यात वजन कशाला मिळालं? ब्रिटिश काळात कासवांची अंडी किती आणि कोणी गोळा करायची यावर घातलेल्या नियमांना. १९१७चा कासवांच्या संरक्षणाचा कायदा, १९३३मध्ये सिपादानला दिलेला पक्षी अभयारण्याचा दर्जा आणि नंतर बांधलेली दीपगृहं. म्हणजे हे बेट कोणाचं, याचं उत्तर तिथे कोणी किती पैसे ओतले यावरून ठरलं नाही. तिथे मर्यादा कोणी घातल्या आणि त्या कोणी राबवल्या, यावरून ठरलं. 'बापाचा आहे का' असं विचारणाऱ्यांनी हा निकाल जरूर वाचावा.

मात्र मर्यादा घालणाऱ्यांचंही ऑडिट व्हायला हवं. मे २००६मध्ये सिपादानवर बांधकामाचं सामान घेऊन आलेला एक बार्ज प्रवाळावर चढला आणि त्याने प्रवाळाचा मोठा पट्टा खरवडून काढला. ज्या बेटावर डायव्हरच्या हाताला बंदी, तिथे खडी-सळयांनी भरलेला बार्ज! नियम फक्त पाहुण्यांना आणि यजमानांना सूट असेल, तर तो नियम नाही, दादागिरी आहे.

याहून कडू गोष्ट पाण्याच्या वर आहे. सेंपोर्नाच्या आसपास बजाऊ लाउत लोक राहतात. पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर, होड्यांत आणि पाण्यात उभारलेल्या लाकडी घरांत. त्यातल्या अनेकांकडे कुठल्याच देशाचे कागद नाहीत. जून २०२४मध्ये तिथल्या तुन साकारान सागरी उद्यानाच्या बेटांवरची त्यांची घरं सरकारने पाडली. बेकायदा बांधकाम आणि सुरक्षा अशी कारणं सांगितली. शेकडो माणसं बेघर झाल्याचं मानवाधिकार कार्यकर्त्यांनी सांगितलं. त्या भागात सुरुंग लावून होणारी मासेमारी हा खरा आणि गंभीर प्रश्न आहे, ती थांबायलाच हवी. पण त्यासाठी सबंध समाजाच्या घरांवर हातोडा कशाला? २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात इंडोनेशियातल्या बजाऊ लोकांची प्लीहा शेजारच्या, समुद्रात न उतरणाऱ्या समाजापेक्षा सुमारे ५० टक्के मोठी आढळली. श्वास रोखून पाण्याखाली राहायला मदत करणारा हा बदल त्यांच्या अंगातच उतरलेला आहे. म्हणजे डायव्हिंगचं कौशल्य ज्यांच्या रक्तात आहे त्यांच्याकडे राहण्याचाही परवाना नाही, आणि आपण नऊ डाइव्हचं कार्ड दाखवून भिंतीपाशी जातो. मर्यादेच्या नावाखाली गरिबाला हाकलायचं आणि पाहुण्याला गाइड द्यायचा, याला संवर्धन म्हणत नाहीत. मर्यादा आधी पाहुण्यावर हवी. म्हणजे आपल्यावर.

आता घराकडे येऊ. मराठी माणसाने पाण्याखाली घेतलेला पहिला श्वास बहुतेक वेळा मालवणचा असतो, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा. तिथल्या खडकांवर प्रवाळ आहे. १९८७मध्ये तिथे सुमारे २९ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं. आम्हाला न विचारता केलं, म्हणून स्थानिक मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला, आणि त्यांच्या रागात तथ्य आहे. पण अभयारण्य कागदावर राहिलं आणि डायव्हिंगच्या बोटी मात्र वाढत गेल्या. मी उतरलो तेव्हा कानातला दाब कसा सोडायचा हे अर्ध्या मिनिटात नाक चिमटीत धरून दाखवलं. दमा आहे का, हृदयाचा त्रास आहे का, कोणी विचारलं नाही. खाली गेल्यावर मासे जमावेत म्हणून पाव टाकला. वर आल्यावर संगीत घातलेला व्हिडिओ मिळाला. शेवटी विकला गेला तो व्हिडिओ. समुद्र नुसता मागच्या पडद्याला होता. मे २०२२मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. मर्यादेचा विषय निघाला की 'पर्यटन मारू नका' म्हणणाऱ्यांनी माणसं मेल्याचाही हिशेब ठेवावा.

आणि आपल्याकडेही एक भिंत आहे, बरं का. विजयदुर्गपासून पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर समुद्रात बुडालेलं एक मोठं पठार आहे, आंग्रिया बँक. नाव अर्थातच कान्होजी आंग्र्यांवरून. पठाराचा माथा पाण्याखाली साधारण २० मीटरवर आणि कडा शेकडो मीटर खोल उतरलेल्या. माथ्यावर प्रवाळ आहे, आणि ते बऱ्यापैकी टिकून आहे कारण तिथे पोचणंच अवघड आहे. शास्त्रज्ञांच्या मोहिमा तिथे जाऊन आल्या आहेत, आणि पर्यटनाच्या गोष्टीही अधूनमधून निघतात. साधं गणित मांडतो. 'ओपन वॉटर' कार्डची मर्यादा १८ मीटर आणि या पठाराचा माथाच २० मीटरवर. म्हणजे त्या कार्डावर माथ्यालाही टेकता येत नाही, कडा तर लांबच. मदत शंभर किलोमीटर दूर. शिवाय राष्ट्राची सागरी हद्द १२ सागरी मैलांवर, म्हणजे साधारण २२ किलोमीटरवर संपते. आंग्रिया बँक तिच्या खूप पलीकडे आहे, त्यामुळे इथले नियम केंद्रालाच करावे लागतील.

ते नियम पहिली पर्यटक बोट निघायच्या आधी व्हावेत, एवढंच मागणं आहे. दिवसाला किती माणसं, हा आकडा शास्त्रज्ञांनी ठरवावा आणि जाहीर करावा. आधी मालवणच्या वाळूवर परीक्षा व्हावी: हातपाय न हलवता, कुठेही न टेकता, पाच मिनिटं एका खोलीवर तरंगून दाखवा. नाही जमलं तर परत शिका, आणि जमेपर्यंत कॅमेरा बोटीवर ठेवा. परवाने सोडतीने मिळावेत, पॅकेजमध्ये बांधून नाही. बोट, गाइड आणि देखरेख या कामांवर पहिला हक्क मच्छीमार घरांतल्या मुलामुलींचा असावा.

'असले नियम परदेशात ठीक, आपल्याकडे कोण पाळतं?' कोळी पाळत आलेत. पावसाळ्यात दर्या खवळलेला असतो आणि मासळीच्या विणीचा काळ असतो, तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून मगच दर्यात जायचं. आज सरकारी मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै अशी आहे. ज्यांचं पोटच समुद्रावर आहे ते दोन महिने थांबू शकतात. आपला तर तो वीकेंडचा छंद आहे. आपल्याला सोडतीत नंबर लागेपर्यंत थांबता येणार नाही?

सरकार हे सगळं करेल तेव्हा करेल. तोवर आपल्या हातात बुकिंग आहे. पुढच्या सुट्टीत मालवणला किंवा अंदमानला फोन कराल तेव्हा दराच्या आधी चार गोष्टी विचारा. एका गाइडमागे किती माणसं? वैद्यकीय फॉर्म भरून घेता का? बोट प्रवाळावर नांगर टाकते की बोयाला बांधता? पाण्यात कोणी प्रवाळाला हात लावला तर तुम्ही काय करता? या शेवटच्या प्रश्नाला 'त्याची डाइव्ह तिथेच थांबवतो' असं उत्तर आलं, तर दोनशे-पाचशे जास्त देऊन तिथेच जा. समोरचा हसला, तर फोन ठेवून पुढचा नंबर लावा.